दिवाळीच्या आठवड्यात पळायचं कसं? जानेवारीच्या शर्यतीची तयारी करणाऱ्या नवख्यांसाठी

मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. दिवाळी ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत कधीही येते. म्हणजे भाऊबीज उरकली की शर्यतीला साधारण ९ ते १३ आठवडे उरतात. पावसाळ्यात धडपडत सुरू केलेलं पळणं जरा कुठे अंगवळणी पडत असतं, आणि नेमका तेव्हाच हा आठवडा येतो. घरात पाहुणे, पहाटे आंघोळी, दुपारी जेवणावळी, रात्री फटाके, मध्येच गावाला जाणं.

प्रत्येक रनिंग ग्रुपवर तेव्हा दोन पंथ दिसतात. एक म्हणतो, ‘आता भेटू भाऊबीजेनंतर.’ दुसरा पहाटे चारला उठून धावतो, घड्याळाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, ‘नो खाडा.’ पहिल्या पंथाचे लोक पुढे आठवडाभर नुसते बूट शोधत बसतात, आणि दुसऱ्यातले काही जण डिसेंबरात नडगीला बर्फ लावत बसलेले दिसतात. पहिल्यांदाच १० किलोमीटर किंवा हाफ मॅरेथॉन (२१.०९७५ किलोमीटर) पळणाऱ्यांना दोन्ही वाटा नकोत.

हा लेख कुणासाठी, तेही सांगतो. तुम्ही न थांबता अर्धा तास हळू पळू शकता, आठवड्यातून तीन-चार वेळा पळता आणि आठवड्याची बेरीज १५ ते २५ किलोमीटर होते, असं मी धरून चाललो आहे. मधुमेह, रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांनी घालून दिलेली मर्यादा आधी, माझं म्हणणं नंतर.

पहिलं काम: हा आठवडा हलका म्हणून लिहून टाका

पळण्याच्या कुठल्याही बऱ्या वेळापत्रकात दर तिसऱ्या किंवा चौथ्या आठवड्याला अंतर मुद्दाम कमी केलेलं असतं. आधीच्या आठवड्यांचा ताण स्नायूंमध्ये, हाडांमध्ये आणि सांध्यांभोवतीच्या दोऱ्यांमध्ये मुरायला वेळ लागतो, त्यासाठी ही सवलत. ती कधीतरी घ्यायचीच आहे, तर दिवाळीत घ्या. कॅलेंडर काढा, वसुबारस ते भाऊबीज एवढ्या दिवसांवर ‘हलका’ असं लिहा आणि त्याच्या आधीचे दोन-तीन आठवडे थोडे थोडे चढते ठेवा. आधी ठरवलेली सुट्टी आणि आयत्या वेळी बुडालेला सराव यांत अंतराच्या हिशेबाने फार फरक पडत नाही, डोक्याला मात्र पडतो. बुडाल्याची टोचणी लागली की माणूस भरून काढायला जातो, आणि दुखापत होते ती तिथे.

अंतर किती कमी करायचं? आठवड्याला २० किलोमीटर होत असतील तर १२ ते १४ पुरे. पळण्याचे दिवस तीन. त्यांतला एक थोडा जोराचा, बाकी दोन हळू.

‘एवढ्याने दम जाणार नाही ना?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. नाही जात. पळणं पूर्ण बंद ठेवलं तरी दमात जाणवण्याजोगी घसरण व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. आणि आपण तर बंदही करत नाही. रॉबर्ट हिक्सन या अमेरिकी संशोधकाने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला याच प्रश्नावर प्रयोग केले होते. माणसांकडून दहा आठवडे, आठवड्यातून सहा दिवस, रोज ४० मिनिटं जोरदार सायकल आणि पळणं करून घेतलं. मग काहींचे दिवस चारवर आणि दोनवर आणले. दुसऱ्या प्रयोगात दिवस सहाच ठेवून वेळ २६ आणि १३ मिनिटांवर आणली. जोर तसाच ठेवलेला होता, आणि पुढचे पंधरा आठवडे त्यांची प्राणवायू वापरण्याची क्षमता जवळपास टिकून राहिली. जोर कमी केल्यावर मात्र ती उतरली. फार लांब पळण्याची ताकद १३ मिनिटांच्या गटात कमी झालीच, पण आपला प्रश्न एका आठवड्याचा आहे. यातून घ्यायचं ते एवढंच की दिवाळीत वेळ कापा, दिवस कापा, पण थोडंसं जोराचं पळणं ठेवा.

लाँग रन आधीच उरकून घ्या

आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं दिवाळीच्या आदल्या शनिवारी किंवा रविवारी, म्हणजे शक्यतो वसुबारसेच्या आधी करून टाका. ८ किलोमीटरपर्यंत पोचला असाल तर ८ च करा. ‘पुढे होणार नाही म्हणून आत्ताच १२’ हा हिशेब नको. पेस असा ठेवा की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल. ‘हो... ना...’ एवढंच निघत असेल तर वेग जास्त आहे.

त्याच दिवसांत घरात साफसफाई चालू असते, हे विसरू नका. माळ्यावरून डबे उतरवणं, स्टुलावर चढून पंखे पुसणं, गाद्या उन्हात टाकणं, यानंतर कंबर आणि पोटऱ्या बोलायला लागतात. त्या दिवशी संध्याकाळी पळायचं ठरलं असेल तर ते चालण्यावर आणा. घड्याळात न मोजलेलं कामही अंगाने मोजलेलं असतंच.

ऑक्टोबरचं ऊनही याच वेळी तापतं. सातच्या आत परत येण्याच्या बेताने निघा. तासाभरापेक्षा जास्त पळणार असाल तर पाण्याची बाटली बरोबर हवी. परतल्यावर मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी किंवा कोकम सरबत घेतलं की काम भागतं. पाकिटातली रंगीत पेयं या अंतराला लागत नाहीत.

एकेक दिवस

तिथींची गंमत अशी की काही वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी येतात, काही वर्षी मध्ये एक मोकळा दिवस निघतो. म्हणून वारांवर न जाता सणांवर जाऊ.

वसुबारस आणि धनत्रयोदशी हे त्यातल्या त्यात मोकळे दिवस. फटाके अजून तुरळक असतात, पाहुणे वाटेवर असतात. जोराचं पळणं यांतल्या एका सकाळी करा. एकूण २५ मिनिटं: आधी ८ मिनिटं हळू, मग एक मिनिट जोरात आणि एक मिनिट अगदी रमतगमत असं सहा वेळा, शेवटी ५ मिनिटं हळू. जोरात म्हणजे जीव तोडून नव्हे. सहावं मिनिट पहिल्याइतकंच जमलं पाहिजे. पहिलंच मिनिट उडत गेलं आणि चौथ्याला पाय ओढायला लागले, तर सुरुवात चुकली.

नरक चतुर्दशी: या दिवशी सकाळी पळू नका. हे मी बऱ्याच उत्साही मंडळींना दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी कुणीतरी साडेतीनला उठून ‘अभ्यंगस्नानाच्या आधी ५ के’ (५ किलोमीटर) करून येतं. आदल्या रात्री झोप झालेली नसते. करंज्या तळता तळता किंवा आकाशकंदिलाची वायर जोडता जोडता बारा वाजलेले असतात. तीन तासांच्या झोपेवर पळून तयारी पुढे सरकत नाही. आंघोळीनंतर लगेच निघण्यातही अर्थ नाही. उटणं कितीही चोळलं तरी केसांत आणि कपाळाशी तेल राहतंच. दहा मिनिटांत घाम आला की ते तेल भुवईवरून खाली उतरतं आणि डोळे असे चुरचुरतात की रस्त्याच्या कडेला उभं राहून टी-शर्टच्या बाहीने पुसत बसावं लागतं. पायाच्या बोटांत तेल राहिलं असेल तर मोज्यात पाय सरकतो आणि टाचेला फोड येतो. कारीट फोडा, फराळ करा, पोरांना किल्ला करायला मदत करा. किल्ल्यासाठी उकिडवं बसणं, माती वाहून आणणं, परत उठणं, हा व्यायाम वाटतो त्यापेक्षा बराच आहे.

गोव्यात असाल तर या पहाटेचा प्रश्नच येत नाही. रात्रभर नरकासुराच्या मिरवणुका, स्पीकर, आणि उजाडायच्या आधी दहन. सकाळी रस्त्यावर जळके बांबू, तारा आणि जागरण करून घरी निघालेल्या दुचाकी. घरी बसून फोव (पोहे) खाल्लेले बरे.

लक्ष्मीपूजन आणि त्यानंतरची सकाळ: सगळ्यात जास्त सांभाळायची वेळ ही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांचा धूर होतो तो रात्रीतून विरत नाही. रात्री जमीन गार होते, वारा पडतो, आणि बारीक कण खालच्या थरातच अडकून राहतात. पहाटे साडेपाचला, म्हणजे आपल्या नेहमीच्या वेळेला, हवा सगळ्यात वाईट असते. ऊन चढून जमीन तापली की हवा वरखाली ढवळली जाते आणि दहा-अकरानंतर बराच फरक पडतो. पळताना आपण बसल्या जागेपेक्षा कैक पटींनी जास्त हवा आत ओढतो, तीही बरीचशी तोंडाने, म्हणजे नाकाची गाळणी बाजूलाच राहते. त्यामुळे ‘रोजची वेळ मोडायची नाही’ हा बाणा या एका सकाळी सोडा.

हवेचा आकडा बघायला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं ‘समीर’ अॅप आहे. पुण्याच्या आयआयटीएमची ‘सफर’ ही सेवाही आहे. आपल्याकडच्या निर्देशांकात ० ते ५० चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिवाईट आणि त्यापुढे तीव्र, अशी वर्गवारी आहे. माझा नियम साधा: १०० पर्यंत नेहमीसारखं, १०० ते २०० मध्ये अर्धा तास आणि हळूच, २०० च्या वर बाहेर पळायचं नाही. दमेकऱ्यांनी १०० लाच थांबावं. पण एक मेख आहे. धूलिकणांचा हा अधिकृत निर्देशांक चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. त्यामुळे रात्री दहाला उसळलेला धूर पहाटेच्या आकड्यात पुरता उतरलेला नसतो. आकडा ‘मध्यम’ म्हणतोय आणि गॅलरीतून समोरची बिल्डिंग धुरकट दिसतेय, फटाक्यांच्या दारूचा वास येतोय, तर नाकाचं ऐका. कापडी मास्क लावून पळण्याने काही साधत नाही, हे बारीक कण त्यातून आरपार जातात.

रस्त्यावरही त्या सकाळी लक्ष हवं. फुलबाजीच्या तारा जिथे तिथे पडलेल्या असतात. वाकलेल्या, एक टोक वर आलेलं. पातळ तळव्याच्या बुटात ती तार थेट आत घुसते. न उडालेले सुतळी बॉम्ब गोळा करत लहान मुलं फिरत असतात आणि त्यांतला एखादा कधी उडेल याचा नेम नसतो. कुत्री रात्रभर घाबरलेली असतात. एरवी शेपूट हलवणारं गल्लीतलं कुत्रंही अंगावर येतं. आलं तर पळू नका. थांबा, चालायला लागा, नजरेला नजर न देता बाजूने निघून जा.

मग करायचं काय? सकाळी घरातच बारा मिनिटांचा व्यायाम. बारा बैठका. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा पंधरा वेळा वर-खाली, कठडा धरून, सावकाश. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर बारा वेळा उचलणं. तीस सेकंद प्लँक, म्हणजे पालथं होऊन कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ तोलून धरणं. दोन मिनिटं थांबून पुन्हा हेच सगळं. खिडक्या बंद ठेवून केलं तरी चालतं. पळणाऱ्यांना हे कंटाळवाणं वाटतं आणि म्हणूनच ते वर्षभर टळतं. पोटऱ्या आणि मांड्या कमजोर असल्या की १५ व्या किलोमीटरनंतर त्याचा हिशेब होतो.

बाहेर पळायचंच असेल तर त्या दिवशी दुपारी चार वाजता निघा, पुन्हा फटाके सुरू व्हायच्या आत या.

पाडवा: वीस-तीस मिनिटं हळू, दुपारनंतर. शेवटी वीस-वीस सेकंदांचे चार-पाच स्ट्राइड्स, म्हणजे हळूहळू वेग वाढवत जाऊन सोडून देणं, मध्ये मिनिटभर चालणं. एवढंच.

भाऊबीज: प्रवासाचा दिवस. याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. एसटीत चार-पाच तास बसायचं असेल तर गाडी थांबेल तिथे खाली उतरा, स्टँडवर दोन फेऱ्या मारा, टाचा वर-खाली करा. उतरल्या उतरल्या पळायला जाऊ नका. संध्याकाळी बहिणीच्या घराजवळ अर्धा तास चाललात तरी पुरे.

गावाला जाणार असाल तर

बुटांची जोडी पिशवीत तळाला नाही, वर ठेवा. तळाला गेलेले बूट परत येईपर्यंत बाहेर निघत नाहीत. दोन मोजे, एक जुना टी-शर्ट, कपाळावर लावायची छोटी बॅटरी किंवा निदान चमकणारी पट्टी, आणि टोपी. बाकी काही नको.

गावात किलोमीटर मोजू नका, मिनिटं मोजा. पंधरा मिनिटं जायचं, पंधरा मिनिटं यायचं. वाट एकच ठेवली की घरच्यांनाही माहीत असतं तुम्ही कुठे आहात. निघताना सांगून जा, ‘आबा, कालव्यापर्यंत जाऊन येतो.’ सगळ्यात चांगली जागा कुठली म्हणाल तर शाळेचं मैदान किंवा कालव्याच्या कडेचा कच्चा रस्ता. माती पायांना मऊ पडते. फक्त खड्डे बघायचे आणि अंधारात जायचं नाही. कोकणात या दिवसांत भातकापणी चालू असते. बांधावरच्या गवतातून पळण्यापेक्षा डांबरी धरा, पहाटे गवतात जनावर (साप) असू शकतं.

सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, अहिल्यानगर या पट्ट्यात जाणाऱ्यांनी एक गोष्ट डोक्यात ठेवावी. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम याच सुमारास सुरू होतो. एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, त्यांवर रुंदीबाहेर गेलेला ऊस, आणि ड्रायव्हरच्या कानाशी मोठ्याने गाणी. त्याला तुम्ही दिसत नाही आणि तुमचं ओरडणं ऐकूही येत नाही. मागची ट्रॉली वळणावर आत कापते, म्हणून पुढची गेली की आपण सुटलो असं समजायचं नाही. कानात हेडफोन नको. रस्त्याच्या उजव्या बाजूने, समोरून येणारं वाहन दिसेल असं पळा, आणि ऊसगाडी दिसली की सरळ खाली उतरून उभे राहा. रस्त्यावर पडलेली उसाची कांडी दव पडल्यावर निसरडी होते. पाय मुरगळायला तेवढं पुरतं.

लोक विचारतातच. ‘काय, गाडी चुकली का?’ ‘एवढं पळून जायचंय कुठं?’ पहिल्या दिवशी लाजायला होतं. थांबून नाव-गाव सांगा, ‘अमक्याचा नातू, मुंबईच्या शर्यतीला उतरतोय.’ दुसऱ्या दिवशी तोच माणूस चहाच्या टपरीवरून ‘अजून दोन फेऱ्या होऊ द्या’ म्हणून ओरडतो आणि तिसऱ्या दिवशी दोन पोरं चपला काढून तुमच्या मागे पळायला लागतात. ती तुमच्यापेक्षा वेगात पळतात. त्यांच्याशी लावायला जाऊ नका.

बायकांना हे इतकं सोपं नसतं, हे लिहायलाच हवं. पुरुष पळून आला तर ‘व्यायाम करून आला’, बाई निघाली तर ‘घरात एवढी कामं असताना?’ दिवाळीत स्वयंपाकघराचा भार जिच्यावर असतो तिलाच जानेवारीत शर्यत पळायची असेल, तर सगळ्यांनी बसून आदल्या आठवड्यात अर्ध्या तासाची वेळ ठरवावी आणि त्या वेळी चहा कोण करणार, लहानग्याला कोण उठवणार हे नाव घेऊन ठरवावं. ‘बघू, जमेल तसं’ म्हटलं की जमत नाही. सासरच्या गावी एकटीने अनोळखी रस्त्याला जाण्यापेक्षा नणंद, जाऊ, भाची, कुणालातरी चालायला बरोबर घ्या. त्या मैदानाला फेऱ्या मारतील, तुम्ही पळा. आणि घरात पळणारी बायको असलेल्या नवरोबांनी चकलीचा सोऱ्या हातात घ्यावा, तोही व्यायामच आहे.

फराळाचं काय?

खा. पळण्याने फराळ ‘जाळायचा’ हा विचार मात्र सोडा, तो हिशेब कधीच जुळत नाही. पळताना साधारण एका किलोमीटरला दर किलो वजनामागे एक किलोकॅलरी खर्च होते. म्हणजे ६० किलोचा माणूस ५ किलोमीटर पळला तर ३००. बेसनाचा मध्यम लाडू तुपाप्रमाणे दीडशे ते दोनशेच्या घरात जातो. दोन लाडवांत तुमचं ५ के संपलं, चकल्या आणि शंकरपाळ्या अजून ताटातच आहेत. हे गणित मनात ठेवून पळायला लागलं की पाडव्याला १० किलोमीटरची शिक्षा सुरू होते आणि गुडघा धरतो.

खरा प्रश्न वेळेचा आहे. तळलेलं पोटात बराच वेळ राहतं. चकली-चिवड्यावर तासाभरात पळायला निघालात तर दुसऱ्याच किलोमीटरला भाजणीचा ढेकर येतो आणि कुशीत कळ. फराळ आणि पळणं यांत तीन तास ठेवा. सकाळी निघत असाल तर अर्धं केळं किंवा दोन खजूर. आजी म्हणणारच, ‘उपाशीपोटी पळू नकोस रे.’ तिच्यासमोर केळं खाल्लंत की तिचंही समाधान होतं. पळून आल्यावर दडपे पोहे किंवा दूध-पोहे उत्तम, या दिवसांत ते घरात असतातच. चिवडा खारट, शेव खारट, त्यामुळे दिवसभर पाणी प्यायची आठवण ठेवा. गोडाधोडात तेच राहून जातं.

पाडव्याचे नवे बूट

पाडव्याच्या मुहूर्तावर बूट घेणारे पुष्कळ असतात. घ्या, पण संध्याकाळी जाऊन घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजतो आणि पळतानाही तो सुजतोच. पायाच्या अंगठ्याच्या पुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहायला हवी. दुकानात तुमचेच पळायचे मोजे घालून बघा. रंगावर जाऊ नका, आणि विक्रेता ‘वापरून सैल होतील’ म्हणाला तर नको म्हणा. नव्या बुटात पहिलं पळणं २० मिनिटांचं. जुने लगेच फेकू नका, दोन-तीन आठवडे आलटून पालटून वापरा. पाडव्याच्या नव्या बुटात थेट रविवारचा लाँग रन करणारे सोमवारी चपलेत ऑफिसला येतात.

परत आल्यावर

भाऊबीजेनंतरचा आठवडा हा दिवाळीपेक्षा धोक्याचा. घरी आलात, वजनकाट्यावर उभे राहिलात, एक-दीड किलो जास्त दिसलं की घबराट होते. त्यातलं बरंचसं मीठ आणि गोडामुळे अंगात धरलेलं पाणी असतं. चार-पाच दिवसांत उतरतं. काटा आठवडाभर बाजूला ठेवा.

बुडालेले किलोमीटर परत आणायचे नाहीत. ते गेले. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात जे अंतर होतं तिथूनच सुरू करा. २० होते तर पुन्हा १८ ते २०, लाँग रन ८ होता तर ८ च. पहिल्या दोन दिवशी पाय जड वाटतील आणि त्याच पेसला धाप जास्त लागेल. झोपेची उधारी, प्रवास आणि धूर यांचा तो परिणाम असतो, दम गेल्याचा नव्हे. तिसऱ्या-चौथ्या पळण्याला अंग मोकळं होतं. सणात सर्दी-खोकला झाला असेल आणि त्रास नाकापुरताच असेल तर हळू पळा. छातीत घरघर असेल किंवा ताप असेल तर पूर्ण बरं होईपर्यंत नको. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. नडगीच्या हाडावर बोटाने दाबल्यावर एकाच जागी नेमकं दुखत असेल, किंवा दुखण्यामुळे लंगडत पळावं लागत असेल, तर तेही दाखवून घ्या.

दिवाळीत काहीच जमलं नसेल, अगदी एकदाही नाही, तरी फार बिघडलेलं नाही. पहिला आठवडा आधीच्या अंतराच्या तीन चतुर्थांशावर ठेवा, सगळं हळू. दुसऱ्या आठवड्यात पूर्ण अंतर, तिसऱ्यात पुन्हा ते जोराचं पळणं. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्याला आलेली असेल आणि हाफ पळायची असेल तर हाताशी नऊच आठवडे असतात. तेव्हा लाँग रन दर आठवड्याला एक-दीड किलोमीटरने वाढवा, मध्ये एक आठवडा कमी करा, आणि शर्यतीच्या दोन आठवडे आधी १५-१६ किलोमीटरपर्यंत पोचला की तिथेच थांबा. तेवढ्यावर हाफ पूर्ण होते. डिसेंबरात पुण्यात किंवा वसई-विरारला एखादी १० किलोमीटरची शर्यत मिळाली तर ती त्या रविवारच्या लाँग रनच्या जागी लावा, आणि सुरुवातीचे दोन किलोमीटर मुद्दाम मागे राहा.